भैरीपुढे ड्रॅगनचा कायदा

त्या ड्रॅगनचं आमच्या घरात पहिल्यापासून जरा जास्तच कौतुक झालं, आणि त्याची फळं मला भोगावी लागली. मी तेव्हा दहावीत होते, भाऊ सहावीत. महाडला आमच्या दोन खोल्या, त्यात एक टीव्ही, आणि संध्याकाळी साडेपाच वाजले की त्या टीव्हीवर भावाचं राज्य. जपानमधलं कार्टून, पण सगळे हिंदीत बोलायचे. जगभर विखुरलेले सात नारिंगी गोळे शोधायचे, एका जागी ठेवायचे आणि हाक मारायची. मग आभाळ काळंठिक्कर पडायचं आणि त्यातून हिरवा, शिंगांचा, लांब मिशांचा ड्रॅगन वेटोळी सोडत वर यायचा. जड आवाजात विचारायचा, बोला, काय इच्छा आहे. इच्छा एकच. ती पुरी केली की हा गायब, गोळे पुन्हा दाही दिशांना, आणि पुढचं वर्षभर त्यांचे नुसते दगड.

गोष्ट एवढीच. आमच्या शेजारणीने ती भांडी घासता घासता सांगून संपवली असती. पण त्या कार्टूनवाल्यांना कसलीच घाई नव्हती. एक माणूस सोमवारी मुठी वळून ओरडायला लागला की गुरुवारपर्यंत ओरडतच असायचा. त्याचे केस उभे राहायचे, आजूबाजूचे दगड हवेत जायचे, आणि मी भूमितीची वही मांडीवर घेऊन याचं ओरडणं कधी संपतंय याची वाट बघत बसायची. बरं, एवढं करून शेवटी ड्रॅगन यायची वेळ झाली, तिकडे आभाळ काळं व्हायला लागलं, की इकडे लाइट जायची. भारनियमनाचे दिवस होते. माझ्या भावाने त्या वर्षात ड्रॅगनची शेपूट बरीच पाहिली, तोंड फार थोड्या वेळा.

बाबांची सहा आसनी रिक्षा होती. महाड ते पोलादपूर, आणि कधी वीर स्टेशनावरची गाडी गाठून तिथली माणसं. संध्याकाळी एक फेरी कमी करून ते चहाला घरी यायचे आणि कपबशी घेऊन भावाच्या शेजारी बसायचे. सुरुवातीला नाक मुरडायचे. नंतर मात्र त्यांना त्यात असा रस वाटायला लागला की आई म्हणाली, एक होतं ते कमी पडलं म्हणून आता दुसरं पोर बसलंय टीव्हीपुढे.

त्यांना रस होता तो मारामारीत नव्हे. ड्रॅगनपुढे उभं राहून मागणारा माणूस कसं मागतो, याच्यात.

"एवढ्या लांबून बोलावलाय त्याला, आणि आता अडखळतोय बघ," बाबा चिडून म्हणायचे. "तोंडात शब्द तयार नाय, तर हाक कशाला मारलीस रे? आणि हे काय मागणं झालं? मेलेल्यांना जिवंत कर, बस? कुठल्या मेलेल्यांना? कधीपासूनच्या? उद्या पणजोबा उठून बसले म्हणजे?"

"बाबा, त्याला कळतं," भाऊ म्हणायचा.

"देवाला कळतं म्हणून आपण मोघम बोलायचं नाय. नारळ-बिरळ काय घेतो का हा?"

"नाय."

"कोंबडा?"

"काहीच नाय घेत."

"मग देतो कशाला?"

"ते त्याचं कामच हाय."

"म्हणजे सरकारी हाय," बाबा म्हणाले, आणि त्यांचा त्या ड्रॅगनवरचा विश्वास निम्म्याने कमी झाला.

बाबांना या विषयात बोलायचा अधिकार होता. आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अलीकडे उतरून वर चढत जायचं. तिथे शिमग्याला भैरीची पालखी निघते, आणि ती सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर टेकली की सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. तो मान आमच्या घराचा. आधी पणजोबा, मग आजोबा, मग बाबा. बाबा पालखीपुढे हात जोडून उभे राहायचे आणि एका दमात, न थांबता, न चाचरता बोलत सुटायचे. प्रत्येक मागण्याला मागून सगळं गाव गर्जायचं, "होय महाराजा!" गावाने होय म्हटलं की ते मागणं देवाच्या खाती पडलं.

गाऱ्हाण्यात एकही माणूस सुटता कामा नये. आजोबांच्या वेळी म्हणे "मुंबईला गेलेल्यांना सांभाळ" एवढंच असायचं. एका वर्षी सुरतेला गेलेल्या एकाची बोटं यंत्रात सापडली. गाव बसलं, विचार केला, आणि सगळ्यांना पटलं की गाऱ्हाण्यात सुरत राहिली होती. पुढच्या शिमग्यापासून सुरत आली. मग पुणं आलं, मग बोटीवर जाणारे आले, मग मस्कत आणि कुवेत. रस्त्याने येणारे-जाणारे, विहिरीवर वाकणाऱ्या, झाडावर चढणारे, गाभण गाई, पहिलटकरणी. बाबांच्या काळात कारखान्यात धुराखाली काम करणारेही आले. दरवर्षी एखादी भर पडायची, आणि काढून काहीच टाकता यायचं नाही, कारण काढायचं कोणाला?

एकच घर त्यात नव्हतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरचं मागायचं नाही, असा नियम. पंगतीत वाढणाऱ्याने आपलं ताट आधी वाढून घ्यायचं नसतं, तसा. बाबांना त्या नियमाचा अभिमान होता. ओरडणाऱ्या, उभ्या केसांच्या हिरोबद्दलही त्यांचं मत चांगलं झालं ते याच एका गोष्टीवरून.

"हा स्वतःसाठी काय मागत नाय कधी," ते एकदा म्हणाले. "घरंदाज माणूस हाय."

"त्याच्यासाठी त्याचे मित्र मागतात ना," भाऊ म्हणाला. "तो मेला की ते गोळे शोधतात."

बाबांनी त्यावर चहा संपवला आणि रिक्षेकडे गेले.

त्या वर्षी गणपतीत आरत्या म्हणता म्हणता बाबांचा आवाज बसला. आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. महाडच्या स्टँडबाहेर दिवसभर "पोलादपूर, पोलादपूर, चला पोलादपूर" असं ओरडणाऱ्या माणसाचा आवाज बसतोच. आईने हळद-दूध दिलं, शेजारच्या खाला आल्याचा काढा घेऊन आल्या. त्यांचा मुलगा तेव्हा कुवेतला होता, आणि बाबा गाऱ्हाण्यात कुवेत म्हणतात हे त्यांना माहीत होतं. त्या स्वतः कधी शिमग्याला आल्या नाहीत, पण बाबांच्या घशाची त्यांना आमच्याइतकीच काळजी होती. नवरात्र झालं तरी आवाज सुटेना. बाबा टीव्हीसमोर बसून घोगऱ्या आवाजात विचारायचे, "हा मेला चार दिस बोंबलतोय, याचा घसा कसा बसत नाय गो?" दिवाळीनंतर मुंबईला नेलं. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठ वाईट जातीची नव्हती, ती काढली, पण काढताना जे गेलं ते गेलं. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती आणि त्या हवेत कुठेतरी शब्द. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने कुजबुजायचंसुद्धा नाही.

रिक्षा चालवायला आवाज लागत नाही. स्टँडवरचे दुसरे ड्रायव्हर बाबांच्या नंबराला स्वतःच ओरडून माणसं भरून द्यायचे. पण गाऱ्हाण्याचं काय? शिमगा मार्चात.

बाबांचा एक चुलतभाऊ गावात असतो, आमचा काका. तो स्वतःहून महाडला आला. ओट्यावर बसून म्हणाला, "यंदा मी घालतो गाऱ्हाणं. तू बरा झालास की तुझं तू घे." चांगल्या मनाने म्हणाला, हे मला आज कळतं. तेव्हा आमच्या घरात असं वातावरण झालं की जणू कोणी चूल उपटून न्यायला आलंय. एकदा मान दुसऱ्या घरात गेला की परत येत नसतो, असं आईचं म्हणणं. बाबांनी भावाची पाटी ओढली आणि खडूने लिहिलं: माझा मुलगा घालील.

तो मुलगा त्या वेळी पाटावर उभा राहून ड्रॅगनला हाक मारत होता.

पुढचे चार महिने कसे गेले ते माझं मला माहीत. माझी बोर्डाची परीक्षा, आणि रोज संध्याकाळी या पोराला गाऱ्हाणं शिकवायचं काम माझ्याकडे. शिकवणार बाबा, पण आवाज माझा. बाबा पाटीवर लिहायचे, मी मोठ्याने वाचायची, आणि भावाने ते म्हणायचं. यात सगळ्यात वाईट भाग शिव्यांचा होता. भाऊ चुकला की बाबा रागाने खडू दाबून लिहायचे, पाटी माझ्याकडे वळवायचे, आणि मी वाचायची, "गाढवा, विहिरीवरच्या बाया राहिल्या." किंवा, "लक्ष कुठाय, मुडद्या." भाऊ माझ्यावरच चिडायचा. "तू का शिव्या देतेस?" मी म्हणायची, "मी नाय देत, पाटी देते." मग बाबांना हसू यायचं, आणि हसलं तरी त्यांना त्रास व्हायचा, मग आई आम्हा दोघांना ओरडायची.

पोराला पाठ होत नव्हतं असं नाही. त्याला त्या कार्टूनमधल्या शंभर माणसांची नावं, त्यांचे बाप आणि त्यांच्या ताकदी पाठ होत्या. गाऱ्हाण्याला मात्र सुरत झाली की पुणं, पुणं झालं की बोट, इथे तो दर वेळी अडकायचा. आणि वर वाद घालायचा.

"ताई, एवढं मागितलं तर देव देईल का?"

"दरवर्षी देतो."

"मग वाडीतल्या त्या आजींची गाय का मेली?"

"ती म्हातारी होती."

"आजी का गाय?"

"गाय. तू म्हण पुढे, पहिलटकरणीच्या पायात बळ दे."

"एकच मागायचं असतं गो. ड्रॅगन एकच देतो. सगळ्यात मोठं असेल ते. एवढं सगळं मागितलं तर त्यातलं कुठलं खरं मागितलं ते त्याला कसं कळणार?"

मी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. बाबांनी हे सगळं ऐकलं. त्यांनी पाटी घेतली, काहीतरी लिहायला लागले, मग पुसून टाकलं. मी विचारलं काय लिहिलं होतं. त्यांनी भावाकडे बोट केलं, पुढे घे.

फेब्रुवारीच्या शेवटी अशी परिस्थिती होती की संपूर्ण गाऱ्हाणं, सात मिनिटांचं, एका दमात, न चाचरता, मला येत होतं. भाकऱ्या थापताना मी ते म्हणायची. भूगोलाच्या सराव पेपरात नद्या आठवेनात, मस्कत-कुवेत आठवायचं. एकदा बाबा दारात उभे राहून ऐकत होते ते मला दिसलंच नाही. संपल्यावर आई म्हणाली, "हिलाच करू दे ना उभी. हिच्या तोंडात बसलंय." बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पाटीवर लिहिलं: पोरगी हाय.

मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं. मला काही मिरवायचं नव्हतं तिथे, माझी परीक्षा होती. पण जे काम मी येताजाता करत होते आणि जे त्या पोराला जमत नव्हतं, ते माझं नाही हे असं दोन शब्दांत पाटीवर वाचायचं, आणि तेही स्वतःच्याच तोंडाने. मी वाचलं नाही. पाटी उलटी ठेवली आणि भाकरी परतली.

दोन पेपरांच्या मधल्या रविवारी आम्ही गावाला गेलो. रस्त्यातही भाऊ पुटपुटत होता. त्याला आईने पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर बाबांची टोपी, ती त्याच्या भुवयांवर येत होती. मुंबईची माणसं आलेली, अंगणं भरलेली, ढोल वाजत होते. पालखी नाचवत आणली आणि दुपारी चारच्या सुमाराला सहाणेवर टेकवली. ढोल थांबले. बाबांनी भावाला खांद्याला धरून पुढे उभं केलं आणि स्वतः एक पाऊल मागे आले. काका पहिल्या रांगेत होता. बायका उजव्या बाजूला, त्यांच्यात मी आणि आई.

"हे बा भैरीदेवा," भाऊ म्हणाला. आवाज चांगला लागला. "सालाबादप्रमाणे तुझी लेकरं तुझ्या दारात जमली हायत, त्यांची सेवा मान्य कर."

"होय महाराजा!"

"जाणता-अजाणता कोणाचं काय चुकलं असेल तर पोटात घे."

"होय महाराजा!"

"मुंबईला, सुरतेला कामाला गेलेल्यांच्या हाताला यश दे."

"होय महाराजा!"

मी मनात त्याच्या अर्धं वाक्य पुढे चालले होते. पुणं, म्हणत होते मी, पुणं म्हण आता. आणि तो थांबला. टोपी वर सरकवली. मागे वळून त्याने बाबांकडे बघितलं. मला वाटलं विसरला. आईने माझं मनगट घट्ट धरलं. मग तो पुन्हा पालखीकडे वळला आणि आम्ही शिकवलेल्या चालीत नाही, साध्या आपल्या रोजच्या आवाजात बोलला.

"माझ्या बाबांचा आवाज परत दे. बाकी काय नको."

आणि वाकून नमस्कार केला.

कोणी होय म्हणालं नाही. एवढी माणसं, पण पलीकडच्या गोठ्यातली घंटा ऐकू येत होती. एक म्हातारे म्हणाले, "हां, पुढं बोल." भाऊ म्हणाला, "संपलं." मग कुजबूज सुरू झाली. "स्वतःच्या घरचं मागतो व्हय?" "बाकी काय नको म्हणाला, ऐकलंव ना?" "पोरांच्या हातात देव देतात का?" मुंबईहून आलेल्या एका बाईने सुनेच्या पोटावर पदर ओढून घेतला. तिच्या सुनेचा सातवा महिना होता आणि पहिलटकरणी राहिल्या होत्या. गावातल्या जाणत्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं, आणि काकाला पुढे बोलावलं. काका आधी बाबांजवळ आला. काहीतरी विचारलं. बाबांनी मान खाली घातली आणि वाट दिली. काकाने पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं. बऱ्यापैकी घातलं.

बाबांनी भावाला मारलं नाही. त्याचा हात धरून बाजूला उभे राहिले, आणि टोपी त्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या हातात घेतली. तीन पिढ्यांचा मान त्या दुपारी गेला, आणि पाटी महाडला राहिली होती.

मारलं मी. उतरताना, वाटेत, बाबा-आई थोडे पुढे गेल्यावर एक सणसणीत ठेवून दिली. "चार महिने! चार महिने माझी परीक्षा सोडून तुला शिकवलं, आणि तू तिथे ड्रॅगन बोलावतोस?"

तो रडला नाही. गाल धरून म्हणाला, "तूच सांग ना मग. वर्षातून एकदाच येतो तो. दुसरं काय मागायचं होतं?"

"सगळ्यांचं मागायचं असतं!"

"सगळ्यांचं सगळे मागतात. बाबांचं कोण मागणार?"

मी त्याला आणखी एक मारणार होते. हात उचलला होता. पण मला सात मिनिटांचं गाऱ्हाणं पाठ होतं, विहिरीवरच्या बायांपासून बोटीवरच्या माणसांपर्यंत, आणि चार महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की त्यात बाबा नाहीत. रोज मी ते म्हणत होते, बाबांच्या समोर बसून, त्यांच्याच आवाजाच्या जागी. मला स्वतःची एवढी चीड आली की ती मी पुन्हा त्याच्यावरच काढली, "चल, पाय उचल," म्हणून ओरडले.

आवाज काही परत आला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट मी सांगायला लागले की लोक शेवटी डोळे मोठे करून तेच विचारतात. सहा महिने झाले, मग वर्ष झालं, बाबा कुजबुजायला लागले आणि अजून कुजबुजतातच. भाऊ कार्टून बघायचा बंद झाला नाही, फक्त बाबा त्याच्या शेजारी बसायचे बंद झाले. चहा ओट्यावर घ्यायचे. ड्रॅगन आला की भाऊ टीव्हीचा आवाज बारीक करायचा, त्याचं मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी त्याला अभ्यासाला बसवायची.

पुढच्या शिमग्याला बाबा यायलाच तयार नव्हते. आई म्हणाली, "मान गेला म्हणून देव गेला का?" तिने त्यांचे कपडे काढून ठेवले, टोपीसुद्धा. बाबांनी टोपी घातली नाही, पण आले.

सहाणेपाशी बाबांना कुठे उभं राहायचं तेच कळेना. जन्मभर ते पालखीच्या समोर, गावाकडे पाठ करून उभे राहिलेले. आता गर्दीत शिरले तर लोक अदबीने वाट द्यायचे, आणि ही वाट दिली की बाबा आणखी मागे सरकायचे. सरकत सरकत ते अगदी शेवटच्या रांगेत, आंब्याखाली गेले. भाऊ त्यांच्या शेजारी. मी बायकांची बाजू सोडून तिथेच जाऊन उभी राहिले, आणि त्या दिवशी मला कोणी काही म्हणालं नाही.

काकाने गाऱ्हाणं सुरू केलं. वर्षभरात त्याने तयारी केलेली दिसत होती. मुंबई, सुरत, पुणं, बोटी, आखात. मी मनात मोजत होते, काही सुटलं नाही. विहिरीवरच्या झाल्या, पहिलटकरणी झाल्या. धुराखाली काम करणारे झाले, आणि मी म्हटलं, संपलं. काका संपवेना. त्याच दमात पुढे गेला.

"आणि बा भैरीदेवा," काका म्हणाला, "ज्या घरानं तीन पिढ्या तुझ्यापुढं आमच्यासाठी तोंड वाजवलं, त्या घराचं आजपातुर तुझ्यापुढं कोणी काय मागलेलं नाय. त्यांना मागता येत नव्हतं, आणि आम्हाला सुचलं नाय. त्या घराच्या धन्याला बरा ठेव. त्याच्या लेकरांना त्याचं बोलणं ऐकू येत राहू दे."

"होय महाराजा!"

एवढ्या मोठ्याने गाव म्हणालं की आंब्यावरचे पक्षी उडाले. भाऊ तर ओरडलाच. माझा आजोबा पन्नाशीत गेला, आजी आंधळी झाली, आमच्या घरी दोन पोरं जन्मून गेली, हे सगळं मला एकदम आठवलं, आणि यातल्या कशासाठीही या सहाणेवर कोणी हात जोडले नव्हते. आम्ही तो मान वाचवायला चार महिने जिवाचं रान केलं होतं. मी बाबांकडे बघितलं. सगळं गाव होय म्हणून झाल्यावर, सगळे गप्प झाल्यावर, त्यांचे ओठ हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला होय म्हणत होते, आणि ते गाऱ्हाणं त्यांचं होतं.

घरी परतताना रिक्षा तेच चालवत होते. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले होते. पोलादपूर मागे पडलं. एका वळणावर गाडी हळू केली, माझ्याकडे झुकले आणि कानाशी कुजबुजले.

"काकानं दोन ठिकाणी दम घेतलान."

मला हसावं की चिडावं कळेना. एवढं सगळं झालं, आणि या माणसाला तेच दिसलं. मी म्हटलं, "बाबा, पुरे आता."

त्यांनी मान डोलावली, गाडी पुन्हा वेगात घेतली. थोडं पुढे गेल्यावर परत झुकले.

"पण आपल्या घरापाशी नाय थांबला, गो."